कागदावरचा शत्रू

दिवाळी सरली की आमच्या बिद्रीच्या रस्त्याचं रूपच बदलतं. दूधगंगा-वेदगंगा कारखान्याकडे जाणाऱ्या बैलगाड्या, उसानं भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, रस्त्यावर पडलेली कांडी गोळा करणारी पोरं आणि माळावर एका रांगेत उभ्या राहिलेल्या ऊसतोड कामगारांच्या खोपी. बीडकडून, कुठून कुठून आलेली ही माणसं. चार-पाच महिने इथं राहतात, आपला ऊस तोडतात आणि पाडव्याच्या आगंमागं परत जातात. ती आली की आपला हंगाम सुरू आणि गेली की संपला. एवढाच आपला त्यांचा संबंध.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गावातल्या एका मळ्यातून मोटारीची केबल चोरीला गेली. सकाळी नळावर पाण्याला गेले तर बायकांत एकच विषय. ‘‘दुसरं कोण असणार? तोडकरीच!’’ कुणी बघितलं नव्हतं, कुणाला पुरावा नको होता. दुपारपर्यंत चार माणसं खोपींवर गेली. भांडी, अंथरुणं, पोरांची कापडं, सगळं बाहेर काढून झडती घेतली. काही सापडलं नाही. तरी ‘‘केबल मिळेपर्यंत कुणी गावात फिरकायचं नाही, दुकानाला पण नाही’’ असं बजावून आली. दोन दिवस ती माणसं फडातून खोपीत आणि खोपीतून फडात. मी त्यांच्यातल्या एकीला ओळखत होते, तिच्या लेकीला ताप आला तेव्हा औषध नेऊन दिलं होतं. ती मला म्हणाली, ‘‘ताई, चोरी करायला एवढ्या लांब येतो का आमी? दिसभर फडात वाकल्यावर रातच्याला हात वर होत न्हाई.’’

आठवड्यानं केबलचा तपास लागला. चोर गावातलाच निघाला. पण खोपींवर जाऊन ‘चुकलं’ म्हणायला कुणी गेलं नाही. मीसुद्धा नाही. मैत्रिणींनो, समाजकार्याच्या गप्पा मारणारी मी त्या दोन दिवसांत गप्प बसले होते. ‘उगाच गावाशी वाकडं कशाला?’ असं मनाला समजावलं होतं.

हे सगळं मी विसरलेही असते. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या भगिनी मंडळानं मला वळिवड्यावर बोलायला सांगितलं आणि त्या निमित्तानं मी जे वाचत गेले, त्यानं ती केबल पुन्हा माझ्या पुढ्यात आणून टाकली.

वळिवडे आपल्या कोल्हापूरच्या शेजारचं गाव. आज गांधीनगरला आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो, साड्या घ्यायला जातो. पण ते गांधीनगर वसायच्या आधी, १९४३ ते १९४८ या काळात तिथं पोलंडची सुमारे पाच हजार माणसं राहत होती. बहुतेक बायका आणि मुलं. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियानं पोलंडचा पूर्व भाग गिळला आणि लाखो लोकांना गुरांच्या डब्यांत कोंबून सायबेरियासारख्या मुलखात पाठवलं. १९४१ मध्ये त्यांची सुटका झाली तेव्हा त्यांना घर उरलं नव्हतं. त्यातली काही माणसं इराणमार्गे हिंदुस्थानात आली. हजारभर मुलांना गुजरातेत जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला आसरा दिला आणि मोठी वसाहत उभी राहिली ती कोल्हापूर संस्थानात, वळिवड्याला. बराकींच्या रांगा, शाळा, दवाखाना, चर्च, नाटकं, स्काउटची पथकं, सगळं होतं तिथं. युद्ध संपल्यावर ती माणसं इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशी पांगली. रिकाम्या बराकींत मग फाळणीनं बेघर झालेले सिंधी बांधव आले आणि गांधीनगर वसलं. एका बेघराची जागा दुसऱ्या बेघरानं घेतली. पोलंडची ती मुलं म्हातारी झाली तरी कोल्हापूर विसरली नाहीत. महावीर गार्डनमध्ये त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे, २०१९ मध्ये वळिवड्यातही स्मारक झालं आणि पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे.

इथवर वाचून छाती भरून आली. पण ‘युद्धकाळातल्या छावण्या’ म्हणून पुढं वाचत गेले, तर आपल्याच महाराष्ट्रातल्या दुसऱ्या तऱ्हेच्या छावण्या दिसायला लागल्या. आसऱ्याच्या नव्हेत, कैदेच्या.

सप्टेंबर १९३९ मध्ये इंग्लंडनं जर्मनीशी युद्ध पुकारलं. हिंदुस्थानात इंग्रजांचं राज्य. त्यांनी इथं राहणाऱ्या जर्मन आणि ऑस्ट्रियन पुरुषांना धरून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, तारेच्या कुंपणात ठेवलं. गुन्हा काय? काही नाही. पासपोर्ट शत्रूच्या देशाचा, एवढंच. यात हेन्रिक हॅरर नावाचा गिर्यारोहक होता. नंगा पर्वताची पाहणी करून परतताना तो कराचीत अडकला. तो हिटलरच्या पक्षाचा सभासद होता. नगरहून त्याला देवळालीला आणि तिथून डेहराडूनला नेलं. १९४४ मध्ये तो डेहराडूनच्या छावणीतून पळाला आणि तिबेटात पोचला, ती गोष्ट जगभर गाजली.

आणि त्याच नगरच्या छावणीत कोण होतं? वॉल्टर लँगहॅमर नावाचा चित्रकार. त्याची बायको ज्यू होती, म्हणून हिटलरच्या भीतीनं हे जोडपं ऑस्ट्रिया सोडून मुंबईला पळून आलं होतं. पुढं याच लँगहॅमरनं मुंबईत रझा, आरा अशा तरुण चित्रकारांना हात दिला. तो लवकर सुटला, पण काही काळ तोही ‘शत्रू’ म्हणून आत होता. त्याच्यासारखेच आणखी कितीतरी ज्यू निर्वासितही. म्हणजे हिटलरचा माणूस आणि हिटलरपासून जीव वाचवून पळालेला माणूस, दोघं एकाच कुंपणात! कारण कागदावर दोघांचा देश एकच. सातारा आणि पुरंदरलाही पुढं अशा लोकांना ठेवलं होतं. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली, तशी हिंदुस्थानातल्या इटालियन माणसांवर, अगदी मिशनमधल्या पाद्र्यांवरही, तीच पाळी आली.

हे केवळ हिंदुस्थानातच झालं असं नाही. इटलीनं युद्ध पुकारलं त्या आठवड्यात इंग्लंडमध्ये आइस्क्रीम विकणारे, हॉटेलात वाढपी म्हणून राबणारे हजारो इटालियन पकडले गेले. त्यातल्या काहींना कॅनडाला न्यायला ‘अरॅन्डोरा स्टार’ नावाच्या बोटीत चढवलं. २ जुलै १९४० ला जर्मन पाणबुडीनं ती बोट बुडवली. आठशेहून अधिक माणसं गेली, त्यात चारशे चाळीसहून जास्त इटालियन कैदी होते. अमेरिकेत सहा लाख इटालियन लोकांना ‘शत्रूदेशाचे’ म्हणून नोंद करावी लागली. जो डिमॅजिओ हा बेसबॉलचा तिकडचा केवढा मोठा खेळाडू, आपल्याकडच्या सचिनसारखा. पण त्याच्या मासेमार बापाला आपल्याच बंदरावर जायची बंदी होती!

हे सगळं वाचता वाचता एका माणसापाशी मी थांबले. कारण त्याच्या हातात कोयता होता. ऊस तोडायचा कोयता.

त्याचं नाव फ्रान्चेस्को फान्तीन. इटलीच्या उत्तरेला व्हिचेन्झा भागात, सान व्हितो नावाच्या गावात १९०१ साली जन्मलेला. कापड गिरणीतला कामगार. १९२२ मध्ये मुसोलिनी सत्तेवर आला. फॅसिस्टांच्या टोळ्या कामगारांच्या संघटना मोडत होत्या, विरोधकांना बडवत होत्या. हा फान्तीन त्यांच्या विरोधातला. १९२४ च्या अखेरीला तो ऑस्ट्रेलियाला गेला आणि पुढं क्वीन्सलँड प्रांतात ऊसतोडीला लागला.

मैत्रिणींनो, क्वीन्सलँडचा ऊस म्हणजे आपल्या ओळखीचीच कथा. तिथं सुरुवातीला ऊस तोडायला पॅसिफिक समुद्रातल्या बेटांवरची काळी माणसं आणली होती, पुष्कळांना तर फसवून. पुढं ‘ऑस्ट्रेलिया गोऱ्यांचाच’ असं धोरण ठरलं आणि १९०० नंतरच्या काही वर्षांत त्यातल्या बहुतेकांना परत धाडलं. मग उन्हात वाकणार कोण? १८९१ पासूनच इटलीहून माणसं यायला लागली होती, ती वाढली. टोळ्या करून राहायचं, टनावर मजुरी घ्यायची, पैसा पैसा साठवायचा आणि जमलं तर स्वतःचा तुकडा घ्यायचा. १९३०च्या सुमारास तिथं इटालियनांचा मोठा जम बसला, तसा स्थानिक लोकांचा राग वाढला. ‘आधी इंग्रज, मग हे’ म्हणून संघटना निघाल्या.

फडातलं हाल सगळीकडं सारखंच. उसात उंदीर फार. त्यांच्या लघवीतून माणसाला होणारा एक जीवघेणा ताप तिथं पसरला. आपण ज्याला ‘लेप्टो’ म्हणतो तो हाच. कोकणात भातशेतीच्या दिवसांत पेपरात त्याच्या बातम्या येतात. ‘तोडीआधी ऊस पेटवा, म्हणजे उंदीर जातील’ एवढी साधी मागणी घेऊन १९३४-३५ मध्ये तिथल्या तोडणी कामगारांनी संप केले. त्या संपांत इटालियन कामगार पुढं होते. मालकांना आणि सरकारला अशी माणसं आवडत नाहीत, हे मी वेगळं सांगायला नको.

मग युद्ध आलं. डिसेंबर १९४१ मध्ये जपान उतरलं. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं आणि चार दिवसांनी ऑस्ट्रेलियाच्या डार्विन बंदरावर बॉम्ब पडले. उत्तर क्वीन्सलँडमध्ये घबराट. भ्यालेल्या माणसाला समोर कुणीतरी ‘शत्रू’ लागतो. जपानी तर लांब होते. जवळ कोण? ऊस तोडणारे इटालियन. धरपकड वाढली. युद्धकाळात ऑस्ट्रेलियात जवळजवळ ४,७०० इटालियन कैदेत गेले, त्यातले फार मोठ्या संख्येनं क्वीन्सलँडचे. काही जण तर रीतसर नागरिक झालेले होते, तरी सुटले नाहीत. खटला नाही, वकील नाही. कुणी शेजाऱ्यानं कान भरले तरी पुरे.

फेब्रुवारी १९४२ मध्ये फान्तीनलाही उचललं. ज्या माणसानं मुसोलिनीला विरोध करण्यात उमेद घालवली, त्याला मुसोलिनीचा माणूस म्हणून! त्याला दक्षिण ऑस्ट्रेलियात लव्हडेच्या छावणीत पाठवलं. लव्हडे आणि वळिवडे. नावं कानाला किती जवळची, आणि दोन्ही एकाच वेळच्या छावण्या. पण एकीत आसरा आणि दुसरीत कैद.

लव्हडेला हजारो कैदी होते. जर्मन, जपानी, इटालियन. इटालियनांत मुसोलिनीचे कट्टर भक्तही होते आणि कट्टर विरोधकही. ते एकाच कुंपणात, एकाच आवारात. भक्तांची संख्या मोठी, त्यांची दहशत. विरोधकांना धमक्या, मारहाण. ‘आम्हाला यांच्यापासून वेगळं ठेवा’ अशी विरोधकांनी वरिष्ठांकडे तक्रार केली. पण अधिकाऱ्यांच्या लेखी सगळे इटालियन सारखेच. उलट सरकारविरोधी बोलणारा, संप करणारा कामगार त्यांना जास्त त्रासदायक वाटायचा.

१६ नोव्हेंबर १९४२ ला छावणीतल्याच एका फॅसिस्ट कैद्यानं फान्तीनवर हल्ला केला. डोक्याला जबर मार लागला आणि त्याच दिवशी तो गेला. वय ४१. मारणाऱ्यावर खुनाचा गुन्हा टिकला नाही. सदोष मनुष्यवध ठरला आणि दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. एका माणसाच्या जिवाची किंमत, दोन वर्षं.

त्याच्या मरणानंतर मात्र आरडाओरडा झाला. फॅसिस्टविरोधी इटालियन, कामगार संघटना, नागरी हक्कांसाठी झटणारी माणसं सरकारच्या मागं लागली. मग कुठं सरकार फॅसिस्टविरोधी कैद्यांकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागलं. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीनं शरणागती पत्करली आणि हळूहळू माणसं सुटत गेली. सुटली म्हणजे लगेच घरी गेली असंही नाही. बऱ्याच जणांना सरकारी कामावर लांब पाठवलं.

हे वाचताना माझ्या मनात सारखं येत होतं, यांच्या बायकांचं काय झालं? फान्तीनच्या मागं नसेल, पण ज्यांची स्वतःची शेती होती त्यांच्या बायका तर मागं राहिल्या होत्या. उभा ऊस फडात. नवरा कुठल्या छावणीत आहे, कधी येणार, कशाचाच पत्ता नाही. पदरात लेकरं. इंग्रजी बोलता येत नाही, दुकानात गेलं तर लोक तोंड फिरवतात. तरी त्यांनी शेतं राखली. ज्या बायकांनी कधी बँकेची पायरी चढली नव्हती, त्यांनी कर्जाचे हिशेब बघितले. आपल्याकडं नवरा सैन्यात गेल्यावर किंवा अकाली गेल्यावर जी बाई शेताचा बांध धरून उभी राहते, ती मला त्यांच्यात दिसली. फरक एवढाच, की आपल्या बाईला गाव ‘बिचारी’ तरी म्हणतं. त्यांना गाव ‘शत्रूची बायको’ म्हणत होतं.

पुढं जगाला थोडी लाज वाटली. २००० साली अमेरिकेनं कायदा करून इटालियन लोकांवर अन्याय झाल्याचं मान्य केलं. २०२१ मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. तोवर कैदेत गेलेली बहुतेक माणसं जिवंतही नव्हती.

आणि हे सगळं गोऱ्यांचंच पाप म्हणून आपण हात झटकू नये. १९६२ च्या चीन युद्धात आपल्या स्वतंत्र भारतानंही आसाम, बंगालमधल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना, बायका-मुलं-म्हाताऱ्यांसकट, राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेली माणसं. कुणी सुतार, कुणी चपला शिवणारे, कुणी चहाच्या मळ्यातले. काही जण तर वर्षानुवर्षं आत राहिले. त्यांचा चीनच्या सैन्याशी काय संबंध? नाकडोळे.

युद्धात देशाला सावध राहावंच लागतं, हे मला कळतं. खरा हेर असेल तर त्याला धरलाच पाहिजे. पण धरायचं ते त्यानं केलेल्या कृत्यासाठी. तो कुठल्या गावचा, कुठल्या भाषेचा, एवढ्यावर नाही. माणूस ओळखायला वेळ लागतो, त्रास होतो. कागद बघायला लागत नाही. म्हणून सरकारं कागद बघतात. आणि आपण?

आपणही तेच करतो. ‘बीडवाले’, ‘तोडकरी’, ‘बाहेरचे’ हे आपले कागद. शिक्का मारला की काम झालं. आमच्या गावात कुंपण नव्हतं, बंदूक नव्हती, युद्ध तर नव्हतंच. तरी दोन दिवस त्या खोपींची आम्ही छावणी केली होती. आणि मी फान्तीनच्या छावणीतल्या त्या अधिकाऱ्यांसारखी, सगळं माहीत असून नुसती बघत होते.

मंडळात वळिवड्यावर बोलताना हे सगळं मी बायकांना सांगितलं. कौतुकानं ऐकत होत्या, पण केबलचा विषय निघाला तशी सभा गार पडली. एक आजी तेवढी उठून म्हणाल्या, ‘‘खरं हाय गं बाई. पोलंडच्या बायांना महाराजांनी जागा दिली म्हणून आपण टाळ्या पिटतोय, आणि आपल्याच मुलखातल्या बाईला दुकानातनं मीठ आणू दिलं न्हाई.’’ त्यापुढं माझ्या भाषणाची गरजच नव्हती.

हंगाम सुरू झाल्यावर मी माळावर गेले. ती बाई भेटेल, तिला ‘आमचं चुकलं’ म्हणेन, असं ठरवलं होतं. पण ती टोळी त्या साली दुसऱ्या कारखान्याला गेली होती. मुकादमाला विचारावं तर तिचं नाव मला कुठं माहीत होतं? औषध नेऊन दिलं, चार वेळा बोलले, पण नाव म्हणून कधी विचारलं नव्हतं. ‘ती खोपीतली’ एवढीच माझी ओळख. माझ्या वहीतसुद्धा ती बिननावाचीच होती.

आता मंडळानं एक साधं काम अंगावर घेतलंय. टोळ्या आल्या की खोपींवर जायचं, बायकांची नावं, पोरांची नावं, वय, कुणाला औषध लागतं, कुणाचं पोर शाळेत जाणारं आहे, हे लिहून घ्यायचं. जानेवारीत हळदी-कुंकू संध्याकाळी उशिरा, त्या फडातून परतल्यावर, खोपींच्या माळावरच करायचं. आणि गावात काही कमी-जास्त झालं, तर झडतीला माणसं जायच्या आधी आपण दोघी-तिघींनी तिथं जाऊन उभं राहायचं. हे शेवटचं काम सगळ्यांत अवघड. पहिल्या दिवशी सात जणींनी हात वर केले. सात तर सात.

तुमच्याही गावात कुणी ऊस तोडायला, कुणी वीटभट्टीवर, कुणी रस्त्याच्या कामाला आलेलं असेल. उद्या जाता-येता त्यातल्या एखादीला थांबून तिचं नाव विचाराल? संशयाची वेळ आली की नाव माहीत असलेल्या माणसाला एकदम ‘शत्रू’ म्हणणं जड जातं. माझं नाव तिला पक्कं माहीत होतं. विचारायची राहिले होते ती मीच.